मशहदहून बलुच गालिचा आणला: आमचा अनुभव, खर्च आणि कागदपत्रं

फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये मी आणि नवरा इराणला जाऊन एक जुना बलुच गालिचा घेऊन आलो. जायच्या आधी मी महिनोन् महिने माहिती शोधत होते. मराठीत काहीच मिळालं नाही आणि इंग्रजीत जे होतं ते अमेरिका-युरोपातल्या संग्राहकांनी लिहिलेलं, त्यात पैसे कसे न्यायचे, मुंबईच्या कस्टममध्ये काय होतं यातलं काही नव्हतं. त्यामुळे जसं झालं तसं क्रमाने लिहितेय. दर आणि नियम आम्ही गेलो तेव्हाचे आहेत, तुम्ही जाल तेव्हा परत तपासून घ्या.

आधी एक खुलासा, कारण घरीदारी प्रत्येकाने हेच विचारलं. बलुच म्हटलं की आपल्याला पाकिस्तानातलं बलुचिस्तान आठवतं, पानिपतानंतर तिकडे नेलेले मराठे, डेरा बुग्टी वगैरे. सासूबाई तर म्हणाल्या, "अगं, तिकडे कशाला मरायला जाताय, आपल्याला आत तरी घेतील का?" पण गाठी मारून विणलेले, लव असलेले जे गालिचे बलुच म्हणून ओळखले जातात ते मुख्यतः तिथले नाहीतच. ते वर उत्तरेकडचे, म्हणजे इराणच्या ईशान्येचं खोरासान, त्याच्या खाली सिस्तान, आणि सीमेपलीकडे अफगाणिस्तानात हेरात, फराह, निमरोझ. पाकिस्तानी बलुचिस्तानातही विणतात, पण ते बहुतेक सपाट विणीचं, किलीमसारखं. खोरासानातल्या बलुच टोळ्या 18 व्या शतकात नादिरशाहच्या काळात दक्षिणेकडून आणून वसवल्या असं मानतात. त्यांच्या शेजारच्या तैमुरी, बहलुली वगैरे टोळ्या पण त्याच धाटणीचं विणतात आणि बाजारात सगळ्याला बलुचच म्हणतात. मालाच्या मोठ्या बाजारपेठा दोन, खोरासानातलं मशहद आणि हेरात. हेरातला जाणं आम्हाला शक्य नव्हतं, म्हणून मशहद.

काशान, इस्फहान, तबरीझचा गालिचा म्हणजे शहरातला, कागदावर काढलेल्या नकाशावरून विणलेला. बलुच बाई विणते ते आठवणीतून. गालिचे लहान असतात, साधारण तीन फूट बाय पाच, कारण माग जमिनीवर आडवा, खुंट्या ठोकून ताणलेला, तळ हलवायची वेळ आली की गुंडाळून जनावरावर लादायचा. रंग गडद: मंजिष्ठाचा लाल, जवळपास काळी वाटेल अशी नीळ, तपकिरी, उंटाच्या अंगाचा रंग, आणि पांढरा अगदी मोजका. माझं माहेर सांगोल्याकडचं, धनगरांच्या मेंढ्यांची लोकर आणि सणगरांनी विणलेली घोंगडी अंगावर घेऊन मी वाढले, त्यामुळे मेंढपाळांच्या लोकरीचा तो वास आणि वजन मला नवीन नव्हतं, पण घोंगडी टोचते आणि ही लोकर हातातून तुपासारखी घसरते, एवढा फरक. बरीच वर्षं व्यापाऱ्यांनी या गालिच्यांना स्वस्तातला माल म्हणून वागवलं आणि ते मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

तर तयारी. 4 फेब्रुवारी 2024 पासून इराणने भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, तिथून आमचं खरं ठरलं. अटी अशा होत्या की साधा पासपोर्ट, फक्त पर्यटन, फक्त विमानाने प्रवेश, जास्तीत जास्त 15 दिवस, मुदत वाढवून मिळत नव्हती, आणि सहा महिन्यांतून एकदाच (ही सवलत इराणने नोव्हेंबर 2025 पासून थांबवली). नियम इतका ताजा होता की कोणालाच माहीत नव्हता. फॉरेक्सवाला व्हिसाची कॉपी मागत होता, मुंबईला चेक-इन काउंटरवरची मुलगी पण व्हिसा मागत होती. इराणच्या दिल्लीतल्या दूतावासाने काढलेल्या सूचनेची प्रिंट काढून ठेवली होती, दोन्हीकडे तीच दाखवली. मोबाइलवर दाखवू असं म्हणू नका, छापील कागद जवळ ठेवा, रांगेत मागे माणसं उभी असताना फोनमध्ये शोधत बसायला नको.

पैशांचं मोठं काम असतं. निर्बंधांमुळे आपलं कुठलंही डेबिट किंवा क्रेडिट कार्ड इराणमध्ये चालत नाही, एटीएमसुद्धा नाही, त्यामुळे सगळे पैसे नोटांतच न्यावे लागतात. एरवी आपल्याला एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच रोख मिळतात, पण इराणसाठी रिझर्व्ह बँकेने अपवाद ठेवलाय, पूर्ण रक्कम नोटांमध्ये घेता येते. आम्हाला तेवढे लागणार नव्हते, पण फॉरेक्सवाल्याला हे माहीत नव्हतं, तेव्हा कोणाला जास्त न्यायचे असतील तर तो नियम छापून घेऊन जा. पॅन, पासपोर्ट, तिकीट आणि ए-2 फॉर्म (परकीय चलन घेतानाचा अर्ज) एवढं लागलं. नोटा नव्या आणि कोऱ्या मागा, फाटकी किंवा शिक्का पडलेली नोट तिकडे कोणी घेत नाही. इन्शुरन्सच्या बऱ्याच पॉलिसीत इराण वगळलेला असतो, तो पॉलिसीत आहे असं ईमेलवर लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका.

24 फेब्रुवारीला दुबईमार्गे मशहदला उतरलो. इमिग्रेशनवर हॉटेलचं नाव आणि परतीचं तिकीट विचारलं, बाकी काही नाही. मी उतरायच्या आधी डोक्यावर स्कार्फ घेतला, तो बाहेर सतत लागतोच. दुसऱ्या दिवशी बाजारात जायचं म्हणून उत्साहात होतो तर रिसेप्शनवर कळलं की 25 तारखेला इमाम महदींच्या जन्मदिवसाची सुट्टी, सगळं बंद. आधी मला फार वाईट वाटलं कारण दिवस मोजके. पण संध्याकाळी बाहेर पडलो तर रस्तोरस्ती दिव्यांच्या माळा, लोक अनोळखी माणसांना थांबवून सरबत आणि मिठाई देत होते, आमच्या हातात किती पेले आले विचारू नका. तारखा ठरवण्याआधी इराणी सुट्ट्या बघा. शुक्रवारी बाजार बंद असतो आणि गुरुवारी दुपारनंतर बरीच दुकानं आवरतात हेही धरून चाला.

डॉलर सर्राफीत बदलले, म्हणजे पैसे बदलायच्या अधिकृत दुकानात. तेव्हा बाजारात डॉलरला 55 ते 60 हजार तोमान असा भाव होता. छापील चलन रियाल, पण बोलताना सगळे तोमानमध्ये बोलतात, 10 रियाल म्हणजे एक तोमान. वर दुकानदार शेवटची शून्यं गाळून नुसतं "दोन" म्हणतो, म्हणजे वीस लाख तोमान. पहिले दोन-तीन दिवस प्रत्येक किंमत कॅल्क्युलेटरवर टाइप करून घेत होतो, तुम्हीही घ्या, कोणाला राग येत नाही.

बाजारात जायच्या आधी इमाम रझांच्या दर्ग्याच्या परिसरातलं गालिच्यांचं म्युझियम बघितलं आणि तेच योग्य झालं. बायकांना आत चादोर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतची चादर, लागते, ती दारात मिळते, आणि परदेशी पाहुण्यांसाठी वेगळं ऑफिस आहे तिथून बरोबर माणूस देतात. चांगलं विणकाम कसं दिसतं ते डोळ्यात भरून घेतल्यावर बाजारातलं दुय्यम काम आपोआप ओळखू येतं. दर्ग्याच्या आसपास भारत-पाकिस्तानातले यात्रेकरू इतके येतात की बऱ्याच दुकानदारांना थोडं उर्दू येतं, आपलं हिंदी चालून जातं. बाकी ठिकाणी युनिव्हर्सिटीत शिकणारी एक मुलगी दुभाषी म्हणून घेतली होती, दिवसाचे 30 डॉलर, आणि तो खर्च मी कधीच वाचवणार नाही.

गालिच्यांच्या बाजारात आम्ही खूप दुकानं फिरलो. बऱ्याच ठिकाणी आधी मोठे चकचकीत गालिचे उलगडतात, बलुची म्हटलं की कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवतात. एका दुकानात मात्र साठी उलटलेले एक आगा (म्हणजे साहेब, तिकडे मान देऊन असंच म्हणतात) भेटले, त्यांच्याकडे तो गठ्ठा कोपऱ्यात नव्हता, मधोमध होता. चहा आला, खडीसाखर आली, आणि त्यांनी पहिला गालिचा उघडला तो उलटाच टाकला. म्हणाले, "खानम (बाईसाहेब), पुढची बाजू नंतर." मग जवळजवळ अर्धा दिवस त्यांनी आम्हाला पाठ वाचायला शिकवली, विकायची कुठलीही घाई न करता.

पाठीवर आधी ताणा बघायचा, म्हणजे उभे धागे. जुन्या बलुच गालिच्यात ताणा आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही लोकरीचे. गेल्या काही दशकांत गिरणीतला सुती ताणा वापरतात, झालरीचा धागा पांढराशुभ्र आणि एकसारखा दिसला तर तो बहुतेक सुती. खात्री करायची तर दुकानदाराला विचारून झालरीचं एक टोक जाळायचं, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, सुताला कागद जळल्यासारखा. सुती म्हणजे वाईट असं नाही, पण किंमत जुन्याची लावत असतील तर मग बोलायला पाहिजे. गाठ बहुतेक फारसी पद्धतीची, धागा एका ताण्याभोवती पूर्ण फिरतो आणि शेजारच्याच्या नुसता मागून जातो. इंचात किती गाठी हे मी उत्साहाने मोजायला लागले तर आगांनी पट्टी बाजूला ठेवायला लावली. बलुचात लोकर बघायची, रंग बघायचा, गाठींची संख्या हा कारखान्यातल्या मालाचा हिशेब.

मग कडा. लांबीच्या दोन्ही बाजूंना शेळीच्या केसांची जाड गडद किनार असते, ती मूळची आहे की नंतर शिवलेली ते बघायचं. दोन्ही टोकांना सपाट विणीची पट्टी, कधी कधी तिच्यावर बारीक नक्षी. ही पट्टी सगळ्यात आधी झिजते आणि बरेच व्यापारी ती कापून टाकतात, जिथे ती शाबूत आहे त्या गालिच्याची किंमत वेगळी. रुंदी वर-खाली दोन-चार सेंटीमीटर कमीजास्त असणारच, तळ हलला की माग परत ताणायचा, तेव्हा ते होतं, तो दोष नाही. एकाच निळ्यात मध्येच फिक्या निळ्याचा पट्टा येतो तोही दोष नाही, लोकर थोडी थोडी रंगवतात म्हणून.

आणि फसवणूक कुठे होते ते. लव बोटांनी फाकून मुळाशी बघायचं, वर फिका आणि आत भडक नारिंगी-गुलाबी रंग दिसला तर रासायनिक रंग उन्हाने किंवा औषधाने उतरवलाय. पांढरा रुमाल ओला करून लाल भागावर दाबून धरायचा, रुमालाला रंग लागला तर धुताना पण जाणार. झिजलेल्या जागी शाई लावून ताणा लपवतात, तीही त्या रुमालावर येते. गालिचा पाठीकडून वाकवायचा, कडकड आवाज आला तर आतून कुजलाय. आणि कसर, तिच्या बारीक जाळ्या आणि खाल्लेल्या रेघा पाठीवर आणि कडांपाशी दिसतात. दुभाषी मुलीने हे सगळं तिच्या वहीत माझ्यासाठी लिहून घेतलं.

त्याच गठ्ठ्यात हेरातकडून आलेला एक लढाईचा गालिचा होता, रणगाडे, हेलिकॉप्टर आणि बंदुका असलेला. 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात आल्या, तेव्हापासून असे गालिचे विणले जायला लागले आणि त्यातले बरेच बलुच विणकरणींचे आहेत. किनारीत नेहमीची फुलं आणि मध्ये हेलिकॉप्टर. मी तो बराच वेळ बघितला, पण रोज घरात समोर ठेवायला माझं मन झालं नाही.

28 तारखेला गाडी करून तुर्बत-ए-जामच्या बाजूला गेलो, मशहदपासून आग्नेयेला अडीच-एक तास, हेरातच्या रस्त्यावर. गाडीचे 40 डॉलर. आगांच्या ओळखीने एका गावात विणणाऱ्या घरी जायला मिळालं. आज खोरासानातले बहुतेक बलुच गावात स्थिर झालेत, फिरस्ते थोडेच उरलेत, भाषा पण बऱ्याच जणांची फारसीच झालीय. पण त्या खोलीत माग जमिनीवर आडवाच होता. दोन जावा विणलेल्या भागावर मांडी घालून बसल्या होत्या, पुढे ताणा पसरलेला, बाजूला गॅसची शेगडी. थोरली बोटाने दोन ताणे उचलायची, लोकर त्याभोवती फिरवून खाली ओढायची आणि त्याच झटक्यात सुरीने कापायची, मला पहिल्या गाठी दिसल्याच नाहीत, नुसते कापलेले टोक दिसत होते. ओळ संपली की आडवा धागा घालून लोखंडी पंजाने ठोकायची, खोलीभर तो आवाज. समोर कागद नाही, नमुना नाही. चुकलं तर काय करता विचारलं तर धाकटी म्हणाली, पुढच्या ओळीत त्याला काहीतरी करून सामावून घेतो. एक गालिचा दोघींनी घरकाम सांभाळून तीन-चार महिन्यांत होतो. लोकर व्यापारी रंगवून आणून देतो आणि मजुरी गालिच्यावर ठरते, म्हणजे दुकानातल्या किमतीतलं किती या खोलीत येतं हे विचारल्याशिवाय आपल्याला कळत नाही. मी विचारलं. थोरलीने रक्कम सांगितली, ती मी इथे लिहीत नाही कारण तिचा व्यापारी गावातलाच आहे. त्यांच्याकडून त्यांनी स्वतःच्या घरासाठी विणलेली एक बालिश्त, म्हणजे उशीच्या पिशवीची पुढची बाजू, घेता येईल का असं संकोचाने विचारलं, त्या आनंदाने द्यायला तयार झाल्या. 150 डॉलर त्यांच्याच हातात दिले. पावती अर्थातच नव्हती, ती आगांनी नंतर किमतीसकट वेगळ्या कागदावर लिहून दिली.

1 मार्चला शुक्रवार आणि वर संसदेची निवडणूक, सगळं बंद. तो दिवस मी फोटो बघण्यात घालवला आणि माझं ठरलं. आगांच्या गठ्ठ्यातला एक नमाजाचा गालिचा, साधारण 60-70 वर्षांचा, लोकरीचा ताणा. मधली जमीन उंटाच्या रंगाची, तिच्यावर खालपासून वरपर्यंत झाड, सरळ फांद्या आणि प्रत्येक फांदीला निळी-तांबडी पानं. वर चौकोनी कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना हात टेकायचे चौकोन. तपकिरी रेघांची लोकर बाकीच्या लवेपेक्षा खाली गेलीय, कारण त्या रंगात लोह असतं आणि ते लोकर हळूहळू खातं, त्यामुळे डोळे मिटून हात फिरवला तरी पानं बोटांना लागतात.

एक शंका मनात होती ती मी विचारून टाकली. आम्ही हिंदू, नमाजाचा गालिचा घरात जमिनीवर घातला तर कोणाला वाईट वाटेल का? आगा म्हणाले, यावर माणूस अनवाणी आणि स्वच्छ पायांनी उभा राहतो, तुमच्याकडे चपला बाहेर काढता ना, मग झालं. तरी आम्ही तो जाण्यायेण्याच्या वाटेत घालायचा नाही असं ठरवलं.

किंमत 950 डॉलर सांगितली. घासाघीस तिथे नेहमीचीच, पण आवाज चढवून नाही. किंमत विचारली की दुकानदार आधी म्हणतो, तुमच्यापुढे याची काय किंमत. तो शिष्टाचार असतो, परत एकदा विचारायचं. नवरा म्हणाला, "तू बोल, मी मध्ये पडत नाही." वर एक टोक उसवलेलं होतं आणि एका बाजूची किनार हातभर गेली होती, ते दाखवून, मध्ये दोनदा चहा होऊन 700 वर आलो. 500 चा आकडा डोक्यात ठेवून गेले होते, त्यामुळे रात्री झोप लागली नाही, पण चांगल्या लोकरीचा, दोन्ही टोकांच्या पट्ट्या असलेला दुसरा दिसला नव्हता.

मग दुरुस्ती आणि धुलाई, आणि इथे खरी धाकधूक झाली. 20 मार्चला नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष. त्याआधी इराणमध्ये घरोघरी साफसफाई निघते आणि सगळं शहर गालिचे धुवायला देतं. धुलाईवाल्यांनी सरळ सांगितलं की नवरोजनंतर या. आमची मुदत 9 मार्चला संपत होती. शेवटी ठरलं की इथे फक्त दुरुस्ती आणि धूळ झटकणं, धुलाई पुण्यात. दुरुस्ती म्हाताऱ्या रफूगराने केली, दुकानाच्या माळ्यावर खिडकीपाशी बसून. शेळीचे केस त्याने स्वतः पीळ देऊन घेतले, जुन्या किनारीच्या रंगाशी दोनदा लावून बघितले, मग आठासारखे फेरे घेत किनार भरत गेला. टोकाची पट्टी पुढे उसवू नये म्हणून बारीक टाके. नवीन भाग मुद्दाम थोडा ओळखू येईल असा ठेवतो म्हणाला. 60 डॉलर, आणि गुरुवारी 7 मार्चला दुपारी, बाजार आवरायच्या आधी, गालिचा हातात आला.

बिलात काय लिहून घ्यायचं ते नीट सांगते. इंग्रजीत, दुकानाचा शिक्का, तारीख, माप, लोकरीचा हाताने विणलेला बलुच गालिचा, अंदाजे वय, दुरुस्तीसकट किंमत डॉलरमध्ये. वय महत्त्वाचं आहे. पुरातन वस्तू म्हणून विकत असतील तर लांब राहा, जुन्या वस्तू देशाबाहेर काढायला परवानगी लागते आणि विमानतळावर अडकलात तर सोडवायला कोणी नाही. गालिचा चार पदरी घडी करून, सुतळीने आवळून, वर ताडपत्रीसारखं कापड शिवून दिलं, वजन पाच किलोच्या आत, सरळ चेक-इनला गेलं. 8 मार्चला मशहदच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने गठ्ठा कुठून घेतला विचारलं, बिल बघितलं, जाऊ दिलं.

मुंबईत पहाटे उतरलो आणि लाल चॅनलला गेलो, म्हणजे ड्युटी लागणारं सामान जाहीर करायच्या रांगेला. तेव्हा, म्हणजे 2024 मध्ये, बाहेरून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला 50,000 रुपयांपर्यंतचं सामान माफ होतं, त्यावरच्या रकमेवर 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के सरचार्ज, म्हणजे एकूण 38.5 टक्के. बऱ्याच जणांना वाटायचं नवरा-बायकोचे मिळून एक लाख माफ होतात. तसं नाही, सवलत ज्याची त्याची, एका वस्तूची किंमत दोघांत वाटता येत नाही. गालिचा माझ्या नावावर, 760 डॉलर, त्यांच्या दराने साधारण 63,700 रुपये झाले, वरच्या 13,700 वर 5,275 च्या आसपास ड्युटी भरली. बालिश्तचा कागद नवऱ्याच्या नावावर होता, ती त्याच्या सवलतीत बसली. अधिकाऱ्याला आधी किंमत कमी वाटली, पर्शियन कार्पेट लाखांत असतं म्हणाले. मी गालिचा तिथेच उघडला, दुरुस्ती दाखवली, टोळीतलं काम आहे, शहरातल्या कारखान्यातलं नाही हे सांगितलं, बिल आणि रफूगराचे फोटो दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिलाची किंमत मान्य केली. तासभर गेला असेल. पावती जपून ठेवा, पुढे कधी परदेशी नेऊन परत आणायचा झाला तर ती उपयोगी पडेल.

पुण्यात हाताने विणलेले गालिचे धुणारा माणूस शोधायला वेळ लागला. दोन ठिकाणी ड्रायक्लीन करू म्हणाले, त्यांना मी दिला नाही. तिसऱ्याने आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघितलं, मग गार पाणी, सौम्य साबण, लवेच्या दिशेने ब्रश, आणि सावलीत आडवा वाळवला. 2,400 रुपये. पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघालं आणि धुतल्यावर पानांमध्ये एक हिरवट निळा दिसायला लागला जो मशहदच्या दुकानात मला दिसलाच नव्हता.

एकूण खर्च विचाराल तर दोघांचं विमान 84,000, हॉटेल 32,000 च्या आसपास, जेवण, गाडी आणि दुभाषी मिळून 25,000, बाकी गालिचा, बालिश्त, ड्युटी आणि धुलाईचे आकडे वर दिलेच आहेत. फक्त गालिच्यासाठी एवढं कोण जातं असं भाऊजी म्हणाले. मी त्यांना गालिचा उलटा करून दाखवला, आणि आता ते नीशापूरला फिरोजे बघायला कधी जायचं विचारतायत.

सांभाळायचं म्हणाल तर व्हॅक्युम ब्रश न लावता, लवेच्या दिशेने. सहा महिन्यांनी फिरवून घालायचा म्हणजे ऊन एकाच बाजूला लागत नाही. सोफ्याखाली गेलेला कोपरा कसरीला सगळ्यात आधी सापडतो, कारण तिथे उजेड आणि झाडू दोन्ही पोचत नाहीत. कडुनिंबाचा पाला ठेवते, पण त्यावर विसंबत नाही, पावसाळ्याचे चार महिने दर पंधरवड्याला गालिचा उचलून पाठ आणि कडा टॉर्च लावून बघायच्या असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.